उल्काची सायकल

१

दिवेआगरच्या राइडची यादी उल्काने स्वतःच्या हाताने लिहिली होती, आणि नेमकं तिचंच नाव तीत नव्हतं.

दर शनिवारी संध्याकाळी सेक्टर तीसमधल्या तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये सगळे जमायचे. चंदीगड आणि आसपासच्या मराठी सायकलवाल्यांचा दहाजणांचा ग्रुप होता तो. चंडीमंदिर छावणीतले निवृत्त कर्नल सबनीस म्होरके. बेत साधा होता: सायकली खोक्यांत बांधून आगगाडीने पुणं गाठायचं, शुक्रवारी संध्याकाळी तिथून सुटायचं, रात्रभर सायकल मारत ताम्हिणी उतरायचा, माणगावला चहा घ्यायचा आणि उजाडता उजाडता समुद्रात पाय बुडवायचे.

हे सगळं सुचलं होतं उल्काला. ती मूळची श्रीवर्धनची. गंधारची बदली इकडे झाल्यापासून सहा वर्षं तिने पाणी पाहिलं होतं ते सुखना लेकचं, त्याला ना भरती ना ओहोटी. "एकदा सगळ्यांना माझा समुद्र दाखवते," असं ती म्हणायची. मग ऑक्टोबरात जवळच्या मोरनी डोंगराच्या उतारावर खडीवरून तिचं चाक घसरलं. डाव्या गुडघ्यात पट्टी बसली, सहा स्क्रू बसले. चालायला हातात काठी आली. सायकलचं विचारल्यावर डॉक्टर नुसतं "देखेंगे" म्हणाले.

राइड मात्र ठरल्याप्रमाणे होणारच होती. माणसं तिच्याच सोफ्यावर बसून तिलाच विचारायची. ताई, दिव्याची बॅटरी किती तास टिकते? वहिनी, घाटात थंडी किती असेल? आणि ती सांगायची. पंक्चरचं सामान कोणाकडे, ओआरएस कोणाकडे, सगळं तिच्या यादीत होतं.

गंधार प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ, जात्याच घरकोंबडा. बायकोमुळे तो सायकलवर बसला होता, आणि तीन वर्षं तिच्या मागच्या चाकाकडे बघत चालवायला शिकला होता. आता तो पुढे चालवणार होता.

त्या शनिवारी आश्लेषा म्हणाली, "ताई, माझी फ्रेमच तडकली हो. नवी यायला महिना लागेल."

आश्लेषा ग्रुपमध्ये नवीन. बत्तिशीची, उंच, सडसडीत. डेराबस्सीच्या एका औषधाच्या कारखान्यात नोकरीला होती आणि एयरोसिटीत एकटी राहायची. बोलताना समोरच्याच्या हातावर हात ठेवायची तिला सवय होती. आत्ता तो हात गंधारच्या हातावर होता.

"उल्काची हिरवी आहे की," गंधार म्हणाला. "नुसती उभीच आहे व्हरांड्यात. ती ने."

उल्काकडे त्याने पाहिलं ते वाक्य संपल्यावर.

"ने ना," उल्का म्हणाली. "चालवली नाही तर गंजेलच."

आणि यादीत रिकाम्या ठेवलेल्या नवव्या जागी तिने आश्लेषाचं नाव लिहिलं. अक्षर जरा वाकडं आलं.

२

जानेवारीतलं धुकं. त्यामुळे रविवारची राइड पाचऐवजी सातला निघायची. गंधार मागच्या व्हरांड्यातून आधी आपली सायकल जिन्याने खाली न्यायचा, मग वर येऊन हिरवी न्यायचा. आश्लेषा खाली थांबत असणार. वर येऊन दोन शब्द बोलावेत एवढंही तिला सुचू नये, याचा उल्काला राग यायचा.

त्या पहिल्या रविवारी ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. पहिल्या मजल्यावरून खालचा रस्ता जेमतेम दिसत होता. फाटकाची कडी वाजली. मग पॅडल थांबवलं की मागच्या चाकाची होते ती टिकटिक. आधी गंधारच्या सायकलची, जाडसर. तिच्यामागून हिरवीची, बारीक आणि भराभर. हा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. धुक्यात दोन पाठी दिसल्या. मागच्या पाठीवर लाल जॅकेट होतं.

आपलं लाल जॅकेट.

"जॅकेटपण दिलंस तिला?" गंधार परत आल्यावर तिने विचारलं.

"कुठलं जॅकेट?" तो बूट सोडत म्हणाला. चेहरा लालबुंद, पोरासारखा खूश.

तिने कपाट उघडून पाहिलं. जॅकेट हँगरवर होतं. कॉलर हाताला गार आणि दमट लागली.

मग तिने व्हरांड्यात जाऊन सायकल पाहिली. सीटच्या दांड्यावर तिने कधीकाळी काळी चिकटपट्टी लावली होती, आपल्या उंचीची खूण म्हणून. सीट बरोबर त्या खुणेवर होती. आश्लेषा तिच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच. एवढ्या खाली सीट ठेवून कोणी तीस किलोमीटर चालवली, तर गुडघे बोलायला लागतील. उल्काने स्वतःची समजूत घातली: गंधारने परत आल्यावर खाली केली असेल, माझी सायकल जशी होती तशी असावी म्हणून. तेवढी जाण असेल त्याला.

दुपारी ती उन्हात बसली होती, तेव्हा समोरच्या बाल्कनीतून बावा आंटींनी हाक मारली.

"ओ बेटा जी, कमाल कर दी! सवेरे-सवेरे साइकिल पे? घुटना ठीक हो गया?"

"मैं नहीं थी आंटी. हमारी एक सहेली है, उसको दी है साइकिल."

"लो! मैंने हाथ हिलाया, तूने भी तो हिलाया."

आंटींच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. उल्का हसली आणि खुर्ची आत घेऊन आली.

३

गंधार बदलला होता. सिंकपाशी पाण्याच्या बाटल्या विसळताना शीळ घालायचा. जेवताना मध्येच हसायचा.

"काय झालं?"

"काही नाही गं. आज चढावर मी बडबडत होतो, तर म्हणते, बोलू नकोस, श्वास वाचव. बोलायला उतार आहे."

उल्काचा हात पोळीवर थांबला. हे वाक्य तिचं होतं. कसौलीच्या रस्त्यावर तीन वर्षांपूर्वी तिने ते त्याला सांगितलं होतं, आणि मग उतारावर दोघं घसा बसेपर्यंत ओरडत आली होती.

"कोण म्हणते?"

"ती," तो म्हणाला आणि ताट उचलून उठला.

नाव घ्यायचीही गरज उरली नव्हती तर. उल्काला मत्सर हा शब्द कधी आपला वाटला नव्हता. तो तिला नाटकातला वाटायचा. आता दिवसभर काठी टेकत या खोलीतून त्या खोलीत जाताना तो तिच्या बरोबर असायचा. आपण शिकवलेलं सगळं त्याने त्या बाईला दिलं. आपली सायकल, आपली वाक्यं. आता आपला समुद्रही देईल. सकाळी सहाला दिवेआगरच्या ओल्या वाळूत ती उभी असेल आणि गंधार तिला सांगत असेल की हा बघ, हा उल्काचा समुद्र. किंवा सांगणारही नाही.

एकदा तिने हेल्मेट उचलून पाहिलं. पट्ट्याला लांब केस अडकला होता, आणि आतल्या अस्तराला माक्याच्या तेलाचा वास होता. आई श्रीवर्धनहून पाठवायची ते तेल. न्हाणीघरातली बाटली अर्ध्यावर आली होती. गुडघा मोडल्यापासून उल्काने केसांना तेल लावलं नव्हतं.

तेलसुद्धा दिलं.

शेवटची सराव राइड मोरनीची होती. आदल्या संध्याकाळी गंधार खाली कर्नलसाहेबांशी बोलत होता. उल्का व्हरांड्यात गेली. काठी भिंतीला टेकली. सायकलच्या पुढच्या चाकाला ते आवळून धरणारी एक छोटी दांडी असते. तिने ती उघडली आणि पुन्हा तशीच मिटवली, नुसती दिसण्यापुरती, पकड न बसवता. चढावर काहीही कळणार नाही. उतारावर, खडीवर, एखाद्या खड्ड्यात चाक उसळलं की कळेल. हे तिच्याइतकं चांगलं कोणालाच ठाऊक नव्हतं.

तिने हात फडक्याला पुसले. सकाळी लवकर उठून आवळू, असं तिने मनाशी म्हटलं. नुसतं करून पाहिलं, एवढंच.

४

जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. दुखण्याची गोळी घेतल्यावर तिला अशीच गाढ झोप लागायची. व्हरांडा रिकामा होता.

गंधारचा फोन वाजून वाजून बंद झाला. कर्नलसाहेबांचा लागेना. मोरनीच्या डोंगरात रेंज नसते, हे तिला माहीत होतं. ती पलंगावर बसून राहिली. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही बघत राहिली. आश्लेषाची आई मिरजेला असते, हे तिला एकाएकी आठवलं. ते आठवायचं आत्ता काही कारण नव्हतं.

पावणेबाराला जिन्यात बुटांचा खडखडाट झाला. गंधार एकटाच वर आला. आधी त्याची सायकल, मग हिरवी.

"सगळे ठीक?" तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"एकदम. चढ तर असा मारला म्हणून सांगू!" मग बूट काढताना सहज म्हणाला, "तुझ्या पुढच्या चाकाची दांडी उघडी होती बरं का. नशीब, निघायच्या आधीच तिच्या लक्षात आलं."

"काय म्हणाली?"

"काही नाही. हसली नुसती. आणि वर खिडकीकडे पाहिलं."

नंतर उल्काने जाऊन दांडी हाताळली. इतकी घट्ट बसवली होती की दोन्ही हातांनी हलेना.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, गंधार ऑफिसला गेल्यावर ती अंघोळीला निघाली. तिची काठी अ‍ॅल्युमिनियमची होती, उंची कमीजास्त करता येणारी. ऑक्टोबरात दवाखान्यात सातव्या भोकात तिचं बटण बसवलं होतं, तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर तिने काठीवर भार टाकला आणि काठी आतल्या आत सरकली. जणू जमीनच खाली गेली.

ती उजव्या कुशीवर पडली म्हणून बचावली. गार फरशीवर पडल्या पडल्या तिने काठी ओढून घेतली. बटण आत दाबलेलं होतं. नळी नुसती भोकापर्यंत आणून ठेवली होती, दिसण्यापुरती.

आपोआप होतं असं कधी कधी, तिने स्वतःला सांगितलं. स्प्रिंग ढिली पडते.

तेवढ्यात मागच्या व्हरांड्यातून आवाज आला. बारीक, भराभर टिकटिक. अधांतरी चाकाला कोणीतरी हाताने जोरात फिरवून सोडावं तशी. ती हळूहळू मंदावली. टिक, टिक. मग एक शेवटची टिक, आणि शांतता.

घराला आतून कडी होती. ती उल्कानेच लावली होती.

५

तासाभराने ती सरपटत पलंगापर्यंत आली आणि तिने आश्लेषाला फोन लावला. काय बोलायचं ते तिने घोकून ठेवलं होतं. माझ्या घरात कधी शिरलीस? किल्ली कोणी दिली? माझ्या नवऱ्याला सोड.

"ताई!" आश्लेषा पलीकडून आनंदाने ओरडली. मागे मशिनांची घरघर होती. "मीच करणार होते फोन. ऑडिटमुळे तीन आठवडे मरायला फुरसत नाहीये हो. तयारी झाली? मला किती बरं वाटलं म्हणून सांगू, तुम्ही जाताय ते!"

"मी?"

"म्हणजे काय! गंधारसरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं ना मला. म्हणाले, सायकल न्यायला येऊ नकोस, उल्काच येतेय. माझी जागा तुम्हाला गेली याचं मला खरंच वाईट वाटलं नाही हो, पक्का. तुमचाच समुद्र आहे तो."

उल्काने फोन ठेवला. खोटं बोलतेय, तिने ठरवलं. दोघांनी मिळून ठरवलेलं खोटं. हा विचार तिने घट्ट धरून ठेवला, कारण तो सोडला तर हातात काय उरलं असतं? आश्लेषाचा हेवा करता येत होता. आश्लेषाला डेराबस्सीत नोकरी होती, मिरजेत आई होती.

मग तिने कर्नलसाहेबांना फोन केला आणि आवाज शक्य तितका सहज ठेवून कालचा फोटो मागितला.

"पाठवतो ना वहिनी," ते म्हणाले. "काल चढावर तुम्ही आम्हा सगळ्यांना लाजवलंत हो."

फोटो आला. मोरनीच्या वळणावर नऊजण, मागे पांढरं धुकं. लाल जॅकेटवाली एका टोकाला होती. चेहरा गंधारकडे वळवलेला, त्यामुळे दिसत होता तो फक्त कान आणि वेणी. उजवा पाय सहज पॅडलवर ठेवलेला. सगळं अंग डाव्या पायावर तोललेलं.

पण उल्का बराच वेळ पाहत राहिली ती गंधारकडे. तो त्या बाईकडे बघत होता. गेल्या चार महिन्यांत, औषधं देताना, उठवून बसवताना, त्याने तिच्याकडे असं एकदाही पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला. पडल्याचं तिने सांगितलं नाही. रात्रीचं जेवण झाल्यावर तो तिच्या पायाशी बसला आणि पाय चेपू लागला. हे त्याने फार दिवसांत केलं नव्हतं.

"गंधार, तुझ्याबरोबर कोण असतं?"

"कुठे?"

"राइडला."

तो हसला. "हे काय विचारणं झालं? काल चढावर फार दमलीस का?"

त्याचे हात पोटरीवरून वर सरकत डाव्या गुडघ्यापाशी आले, पट्टीच्या उंचवट्याशी, टाक्यांच्या वणाशी. तिथे ते थांबले. भलत्याच वस्तूला चुकून हात लागावा तसे त्याने ते काढून घेतले. उठून दिवा बंद केला आणि हॉलमधल्या दिवाणावर जाऊन झोपला.

"जाऊ नकोस," ती अंधारात म्हणाली.

हॉलमधून आलं ते हलकं कुजबुजणं, एकाचं की दोघांचं ते कळेना.

६

बुधवारी दुपारी टेम्पो आला.

उल्का सकाळपासून तयार होती. चांगला ड्रेस घातला होता, केस विंचरले होते. काठीचं बटण तिने चार वेळा तपासलं होतं. तिने एक ठरवलं होतं. आपण खाली जायचं आणि सगळ्यांच्या देखत त्या बाईच्या शेजारी जाऊन उभं राहायचं. कर्नलसाहेब आहेत, बावा आंटी बाल्कनीत असतीलच. दोघींना शेजारी शेजारी पाहिलं की कोणीतरी काहीतरी म्हणेलच. आणि खाली आश्लेषा निघाली, तर तिच्या गळ्यात पडून रडायची तिची तयारी होती.

गंधार सामान घेऊन आधीच उतरला होता. ती कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागली. डावा पाय, काठी, उजवा पाय. खालून हसण्याचे आवाज येत होते.

"आठ... आणि हे नऊ," कर्नलसाहेब खोकी मोजत होते. "चला, झालं. बसा पटापट, गाडी आपल्यासाठी थांबणार नाही!"

मधल्या वळणावरच्या जाळीतून टेम्पोची एक खिडकी दिसत होती. खिडकीत कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. दोन्ही हात मानेमागे नेऊन वेणीचा अंबाडा घालत होतं. डाव्या हाताने पेड धरायचा, उजव्याने पीळ द्यायचा, आणि तोंडात धरलेला आकडा शेवटी खोचायचा. त्या हातांकडे पाहता पाहता उल्काचे स्वतःचे खांदे दुखायला लागले. अंबाडा पुरा झाला. ते डोकं हळूहळू जिन्याच्या बाजूला वळू लागलं.

उल्काने डोळे मिटले. आपल्याला पाहायचं नाहीये, हे तिला त्या क्षणी कळलं.

जिन्यात पावलं वाजली. तिने डोळे उघडले. गंधार दोन दोन पायऱ्या चढत वर येत होता. तिला पाहून तो वळणावर थबकला आणि बाजूला झाला, तिला जाता यावं म्हणून. त्याच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू होतं. शेजारपाजाऱ्यांशी, बँकेतल्या बाईंशी हसायचा तसलं.

"अरे वा, बरं झालं इथेच भेटलात," तो म्हणाला. "तुमच्याकडेच येत होतो."

त्याने घराची किल्ली तिच्या हातात ठेवली. बोटाला बोट लागणार नाही अशा बेताने.

"गॅस बंद केलाय. कुंड्यांना तेवढं एकाआड एक दिवस पाणी घालाल ना? आम्ही मंगळवारी परत येतोय." मग तिच्या पायाकडे बघून तो हळवेपणाने म्हणाला, "आणि जिना सांभाळून उतरा हं. घाई करू नका."

उल्काने कठडा घट्ट धरला. एक शब्द पुरेसा होता. तीन अक्षरी नाव, जे तिने वीस वर्षं रोज उच्चारलं होतं. तिने श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"गंधार!"

हाक खालून आली, टेम्पोतून. आवाज मोकळा, दमदार, श्रीवर्धनच्या हेलाचा.

"आलो आलो!" तो म्हणाला. त्याचा सगळा चेहरा उजळला होता. तो वळला आणि धावत खाली गेला.